बावीसचा फरक

"मे महिन्यात जांभळं कुठं मिळाली गं तुला, प्रमिला?"

कालिंदीताईंनी डबा उघडता उघडता विचारलं आणि मी पदर तोंडाशी धरला. उन्हानं माझं तोंड आलं होतं. ओठांच्या आत चार-पाच फोड होते, आणि दवाखान्यातल्या कंपाउंडरनं जांभळं औषध हनुवटीपर्यंत फासून ठेवलं होतं.

"हसवू नका ताई. ओठ चिरतो."

"बरं, नाही हसवत. आज भाजी माझ्याकडे, हा दहीभात तुझ्याकडे. आणि मिरची काढून टाकलीय, शोधू नकोस."

माझ्या खोलीच्या दाराबाहेर, बोळात, आम्ही दोघी दोन स्टुलांवर बसायचो. साडेबाराला. मधे तिसरं स्टूल डब्यांसाठी. नागपूरच्या बाहेर, माळावर आमची संशोधनसंस्था होती. एकोणीसशे एकोणऐंशी सालचा मे. बाकी सगळ्या खोल्यांना वाळ्याचे कूलर होते, माझ्या खोलीला साधा पंखासुद्धा नव्हता. दारावर मी स्वतःच पाटी रंगवून लावली होती : पंखा लावू नये. बोलू नये. आत येऊ नये. आमचे शिपाई दौलतराव म्हणायचे, "बाई, चौथी ओळ लिहून टाका जी. श्वास घेऊ नये."

त्यात फार खोटं नव्हतं. आत ज्या तारेवर माझं काम चाले, ती केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी बारीक. जोरात श्वास सोडला तरी तुटायची. पावसाळ्यात दमट हवेनं यंत्रात ठिणग्या उडत, म्हणून कोरडा उन्हाळा हाच आमचा हंगाम. मे महिन्यात सगळे रजेवर जात, मी मात्र कधी गेले नाही. मला वाढवणारी अमरावतीची आत्या वारली होती. जायचं तरी कुणाकडे?

कालिंदीताई, म्हणजे डॉक्टर कालिंदी मुंडले, वनस्पतींच्या रसायनांवर काम करत. माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या आणि हुद्द्यानं तर कितीतरी. मी तांत्रिक साहाय्यक, त्या शास्त्रज्ञ. पण आठ वर्षांपूर्वी त्या इथं रुजू झाल्या, पहिल्याच आठवड्यात डबा घेऊन माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "तिकडे सगळे पुरुष राजकारणावर बोलतात. इथं बसू का?" तेव्हापासून रोज. त्यांचे यजमान बडोद्याला बँकेत. मुलगी रेवा, बारा वर्षांची, तिकडेच आजीपाशी. त्या दिवाळीत आणि मे महिन्यात बडोद्याला जात. या मे महिन्यात गेल्या नव्हत्या.

"एक काम आहे तुझ्याकडे," त्या म्हणाल्या. "माझ्या कडू राणीचा एक ताजा कागद काढून दे. जुना पार काळवंडलाय. स्लाइड करायचीय."

कडू राणी म्हणजे मेळघाटातल्या एका वेलीच्या मुळातून त्यांनी काढलेलं द्रव्य. सात वर्षांचं काम. पोत्यांनी मुळं आणायची, उकळायची, गाळायची, आणि शेवटी हातात चिमूटभर पांढरी पूड. ती काय आहे हे ठरवायला तिच्या एका रेणूचं वजन लागतं. ते तीन वर्षांपूर्वी मी काढून दिलं होतं : सहाशे चाळीस. त्या आकड्यावर त्यांनी सगळी रचना उभी केली होती. निबंध स्वीकारला गेला होता आणि छपाईची प्रुफं शनिवारीच आली होती.

"स्लाइड कशाला?"

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. बोळात कुणी नव्हतं.

"बडोद्याला जागा निघालीय. विभागप्रमुखाची. पुढच्या सोमवारी मुलाखत. घारपुरे सर शिफारसपत्र देतायत, निबंधासकट. परवा रजिस्टरनं जाईल. सर म्हणाले, हा निबंध पाहिला की पुढचं नुसतं उपचारापुरतं."

"घरी कळवलंत?"

"नाही म्हणणार होते. नक्की झाल्याशिवाय नाही कळवायचं, असं ठरवलं होतं." त्या हसल्या. "राहवलं नाही गं. रेवाला लिहून टाकलं. आठ वर्षं, प्रमिला. ती चार वर्षांची होती. आता मी गेले की पहिले दोन दिवस मला अहो-जाहो करते, मग तिच्या लक्षात येतं."

"होईल तुमचं," मी म्हणाले.

"तुझ्या तोंडात साखर. म्हणजे, औषध वाळल्यावर."

मला हसू आलं आणि ओठ चिरलाच.

*

दुपारी मी त्यांची बाटली घेऊन आत आले आणि दार लावलं.

आमचं यंत्र रेणूंचं वजन सांगायचं. जुन्या पद्धतीत रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करत. त्यात नाजूक रेणूंचे तुकडे उडत आणि तुकड्यांवरून अख्ख्याचा अंदाज बांधावा लागे. कालिंदीताई म्हणायच्या, फुटक्या कपाच्या कानावरून कप केवढा होता ते सांगा, असा हा प्रकार. माझी पद्धत वेगळी होती. त्या बारीक तारेवर कार्बनचे काटे उगवायचे. कडू बदामाच्या वासाची एक वाफ सोडून, वीज देऊन, आठ-दहा तास तापवत ठेवलं की काटे येत. सूक्ष्मदर्शकातून तार बाभळीच्या फांदीसारखी दिसे. त्या काट्यांवर द्रव्याचा थेंब ठेवायचा, दहा हजार व्होल्टचा दाब द्यायचा आणि तार अगदी बेतानं गरम करायची. काट्याच्या टोकाशी विजेचं क्षेत्र इतकं प्रखर असतं की रेणू अखंडच्या अखंड सुटून उडतो, तव्यावरचं धिरडं न फाटता सुटावं तसा. हे सगळं पंधरा-वीस सेकंदांत होतं. तेवढ्यात कागदावर रेघ उमटली तर उमटली.

थेंब ठेवायला परदेशात एक बारीक सिरिंज वापरतात. आमची मोडली होती, नवी सहा वर्षं आली नव्हती. मी भरतकामाच्या रेशमाचा एक तंतू काडीला बांधला आणि त्याच्या टोकानं थेंब ठेवायला शिकले. आमचे विभागप्रमुख घारपुरे सर पाहुणे आले की मुद्दाम दाखवत. "आमच्या भुसारीबाईंचा हात," म्हणत. मला बरं वाटायचं.

त्या दिवशी मी काडी घेतली, तंतूचं टोक जरा पिंजारलं होतं म्हणून नेहमीसारखं ओठांशी नेलं आणि थांबले. रेशीम जांभळं झालं असतं. मग ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीतला एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतला, त्यानं टोक जुळवलं, आणि काम पुढं चालू केलं.

कागद निघाला. तो आधी कोरा दिसतो. मग दिव्याखाली हळूहळू जांभळट रेघ वर येते. रेघ सहाशे एकेचाळीसवर यायला हवी होती. या पद्धतीत अशा रेणूला वाटेत एक हायड्रोजन चिकटतो, म्हणून आकड्यातून एक वजा करायचा, की सहाशे चाळीस.

सहाशे एकेचाळीसवर काहीच नव्हतं. रेघ होती सहाशे एकोणिसावर.

बाटली चुकली, असं मला आधी वाटलं. चिठ्ठी पाहिली, कालिंदीताईंचंच अक्षर. मग यंत्राचं मोजमाप सरकलं असेल म्हणून ते ओळखीच्या द्रव्यानं तपासलं. बरोबर होतं. पाच वाजले. मी यंत्र बंद केलं आणि कुणाला काही न बोलता घरी गेले.

मंगळवारी सकाळी नवी तार लावली. पुन्हा सहाशे एकोणीस.

काल आणि आज मी काय वेगळं केलं, हे आठवत मी त्या उकाड्यात बसून राहिले. यंत्र तेच होतं, द्रव्य तेच होतं, हात तोच होता. फक्त ओठ नव्हता.

हे कळल्यावर सुद्धा मी लगेच विश्वास ठेवला नाही. दार किलकिलं करून दौलतरावांना हाक मारली. उन्हासाठी ते ग्लुकोजचा डबा जवळ ठेवत.

"चिमूटभर ग्लुकोज द्या ना."

"चक्कर येऊन राहिली का बाई? पाणी आणू?"

"नाही, कामाला हवंय."

त्यांनी कागदावर चिमूट ठेवली आणि ती पाहून मान हलवली. "एवढुसं? चिमणीले पाजता का?"

ग्लुकोजचं वजन पुस्तकात आहे : एकशे ऐंशी. पाण्यानं तंतू जुळवला तेव्हा रेघ आली एकशे एक्याऐंशीवर. जशी यायला हवी तशी. मग मी रुमालानं ओठावरचं औषध पुसलं. डोळ्यांत पाणी आलं. तंतू ओठांतून ओढला, जसा सहा वर्षं ओढत आले होते, जशी आत्याकडे ब्लाऊज शिवताना सुईत ओवायचा दोरा ओढायचे. आत्या म्हणायची, ओठानं टोक जुळवलेला दोरा पहिल्या खेपेला आत जातो. दोनशे तीन.

बावीसचा फरक. थुंकीत मीठ असतं, मिठात सोडियम असतं, आणि सोडियमचं वजन तेवीस. हायड्रोजनच्या जागी तो रेणूला चिकटून येत होता. एकाच्या जागी तेवीस. आमच्याकडे येणारी बाकी सगळी द्रव्यं तेलकट, त्यांना मिठाशी काही कर्तव्य नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत कधी उघडकीला आलं नाही. साखर असलेले रेणू मीठ धरतात. आणि कालिंदीताईंच्या कडू राणीला साखरेचं शेपूट होतं.

तिचं वजन सहाशे चाळीस नव्हतंच. सहाशे अठरा होतं. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना माझ्या थुंकीसकट वजन करून दिलं होतं.

"प्रमिला!" दाराबाहेरून हाक आली. साडेबारा वाजले होते. "अगं, जेवायचं नाही का?"

"काम चाललंय ताई. आत येऊ नका."

"माझंच चाललंय ना? मग चालू दे." पावलं थोडी लांब गेली आणि परत आली. "कागद चांगला येतोय का गं?"

पाटीवर बोलू नये असं लिहिलेलंच होतं. थोड्या वेळानं दौलतरावांचा आवाज आला, "बाई, डबा इथं ठेवून राहिल्या मुंडलेबाई. झाकून ठेवला, म्हणे मुंग्या लागतील."

*

तीन वाजता मी चारही कागद काळ्या पाकिटात घालून बाहेर पडले. उजेड लागला तर ते कागद काळे पडत.

बोळाच्या डाव्या टोकाला कालिंदीताईंची प्रयोगशाळा. उजव्या टोकाला घारपुरे सरांची खोली. डावीकडून काचेची भांडी धुतल्याचा आवाज येत होता आणि मधूनमधून त्यांचं गुणगुणणं. एक ओळ गायच्या, मग विसरायच्या, मग तीच पुन्हा. मी थोडा वेळ ऐकत उभी राहिले. मग उजवीकडे वळले. प्रत्येक निकाल प्रथम विभागप्रमुखांकडे नोंदवावा, असा नियम होता.

घारपुरे सरांनी भिंग लावून चारही कागद दोनदा पाहिले.

"तोंडाला काय झालंय?"

"तेच सांगायचंय सर."

मी सांगितलं.

"ओठ? म्हणजे हे ओठ?"

"हो सर. सुईत दोरा ओवतात तसं."

"आणि मी ते दिल्लीच्या समितीला कौतुकानं दाखवलं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना हसावं की रागवावं कळत नव्हतं. "मुंडलेबाईंना सांगितलंत?"

"नाही सर."

"आधी माझ्याकडे आलात?"

"नियम आहे, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "हो," ते म्हणाले. "नियम आहे." आणि घंटी वाजवली.

कालिंदीताई ओले हात पदराला पुसत आल्या. "पत्र झालं का सर?" मग मी दिसले. "अगं, तू इथं? जेवलीस की नाही?"

सरांनी कागद त्यांच्यापुढे सरकवले आणि दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी कागद उचलले, खिडकीशी नेले, पाठ करून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते.

"तरीच!" त्या एकदम वळल्या. डोळे चमकत होते. "तरीच सर, कार्बन दीड-दोन टक्के कमी यायचा! आम्ही म्हटलं, पाण्याचा एक रेणू चिकटलाय, आणि दडपून जुळवलं. पाणी नव्हतंच ते! प्रमिला, पाणी नव्हतंच! सहाशे अठरा धरलं की सगळं बसतं. दोन कार्बन कमी, दोन हायड्रोजन जास्त. बघ, बसतं की नाही!"

एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिला नव्हता. तो पाव मिनिट टिकला असेल. मग त्यांची नजर सरांच्या टेबलावर गेली. तिथं टाइप करून ठेवलेलं पत्र होतं, सहीपुरतं अडलेलं.

"सर, मला दोन दिवस द्या. बाजूच्या साखळीपुरताच बदल आहे, गाभ्याला धक्का नाही. प्रुफंच आहेत अजून. मी दुरुस्त्या टेलिग्रामनं कळवते."

"दोन दिवसांत होईल?"

"रात्रंदिवस बसेन."

"होईल, तुमचं होईल," सर म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता. तो चढा असता तर बरं झालं असतं. "मुंडलेबाई, तुम्ही स्वतः दुरुस्ती घेऊन माझ्याकडे आला असता तर मी शाबास म्हटलं असतं आणि पत्र तसंच धाडलं असतं. पण आता हे माझ्या टेबलावर आलंय. निबंधातला आकडा चूक, असा माझ्याच विभागाचा निकाल, आज तारखेला. उद्या मी त्याच निबंधाची शिफारस कुठल्या तोंडानं करू? खाली सही माझी आहे."

"म्हणजे निबंध मागे घ्यायचा."

"घ्या. पुन्हा सगळं तपासा. वर्षभरानं पाठवा, दुप्पट मानानं छापतील. जागा काय, पुन्हा निघेल."

"निघेल," कालिंदीताई म्हणाल्या.

त्यांनी कागद एकावर एक नीट जुळवले, काळ्या पाकिटात घातले आणि पाकीट मला परत दिलं. देताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला. अजून ओला होता.

*

उरलेला आठवडाभर साडेबाराला बोळात कुणी आलं नाही. त्यांच्या खोलीचं दार बंद असे. मी दोन्ही स्टुलं मांडायची, एकटीच बसायची, आणि एक वाजता पुन्हा आत जायची. माझ्या चुकीबद्दल मला कुणी काही बोललं नाही. उलट सरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की भुसारीबाईंनी स्वतःची चूक स्वतः शोधली आणि स्वतः येऊन सांगितली, याला प्रामाणिकपणा म्हणतात. पुढे वार्षिक अहवालातही ते छापून आलं. दौलतराव तेवढे म्हणाले, "बाई, आता तरी पानी प्यायला तोंड वापरता ना?"

त्यानंतरच्या सोमवारी साडेबाराला कालिंदीताई डबा घेऊन आल्या. जणू काही झालंच नव्हतं अशा बसल्या. जरा वाळल्या होत्या. माझ्या ओठांकडे निरखून पाहिलं.

"बरं दिसतंय आता. तिखट चालेल?"

"चालेल."

"अकराला होती मुलाखत," त्या म्हणाल्या. "आत्ता संपली असेल."

आम्ही जेवू लागलो. मधेच त्यांनी डावा हात कमरेच्या पिशवीत घातला आणि एक अंतर्देशीय पत्र काढलं.

"रेवाचं आलंय. तुला वाचून दाखवते. दुसरं कोण आहे मला इथं?"

आणि त्यांनी वाचलं. मुलीचं अक्षर मोठं असावं, कारण पत्र लगेच संपलं. मला त्यातलं एवढंच शब्दशः आठवतं : "तू येणार नाहीस असं बाबांनी सांगितलं. मी रडले नाही. तुझ्या पुस्तकांसाठी मी माझं कपाट अर्धं रिकामं केलं होतं, त्यात आता परत माझ्या वह्या ठेवल्या आहेत. एक कप्पा तसाच ठेवला आहे."

कालिंदीताईंनी पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"तुला एक सांगू?" त्या म्हणाल्या. "चार दिवस मला तुझा राग आला होता. वाटलं, ही आधी माझ्याकडे का नाही आली? मग विचार केला, तू माझ्याकडे आली असतीस तर मी काय केलं असतं? तुला म्हणाले असते, दोन दिवस गप्प बस. आणि तू बसली असतीस. माझ्यासाठी तू बसलीच असतीस. मग ते ओझं जन्मभर तुझ्या डोक्यावर. मी मुलीच्या नादात तुला खोट्यात ओढलं असतं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "बरं झालं सरांकडे गेलीस. तू आहेस म्हणून मी वाचले."

या गोष्टीला सेहेचाळीस वर्षं झाली. बडोद्याची ती जागा पुन्हा निघाली नाही. सुधारलेला निबंध पुढच्या वर्षी छापून आला, आणि सहाशे अठरा हा आकडा नंतर दुसऱ्यांनीही बरोबर ठरवला. कालिंदीताई निवृत्त होईपर्यंत नागपुरातच राहिल्या. आणखी पंधरा वर्षं. रोज साडेबाराला माझ्या शेजारी. आणि त्या पंधरा वर्षांत मी जितकी एकटी होते तितकी आत्या वारल्यानंतरही नव्हते, कारण जे एकच माणूस माझं होतं, त्यालाच सांगता येणार नाही असं माझ्याजवळ काहीतरी होतं.

नियम होता, हे खोटं नाही. टाइप केलेलं परिपत्रक फळ्यावर लावलेलं होतं. पण आठ वर्षांत कालिंदीताईंचा एकही कागद मी आधी सरांकडे नेला नव्हता. कागद यंत्रातून निघाला की मी तो घेऊन पळत डावीकडे जायचे, त्यांच्या डोळ्यांसमोर रेघ वर यायला हवी म्हणून. सरांकडची नोंद दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं. त्या मंगळवारी मी पहिल्यांदा उजवीकडे वळले. डावीकडे गेले तर त्या दोन दिवसांत सगळं नीट बसवतील, स्वतः सरांपुढे ठेवतील आणि सोमवारी बडोद्याला असतील, हे मला त्या बोळात उभं असताना स्वच्छ दिसत होतं. त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी त्यांना माझ्यासारखी एकटी समजत आले होते. त्या एकट्या नव्हत्या, नुसत्या लांब होत्या. हे मला रेवाचा रिकामा कप्पा ऐकला तेव्हा कळलं.

सांगायची वेळ तेव्हाच होती. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता. मी तोंड उघडलंही.

"काय गं?" त्या म्हणाल्या.

"काही नाही. जागा पुन्हा निघेल, असं म्हणत होते."

"निघेल, निघेल." त्यांनी पत्र पिशवीत ठेवलं, रिकामे डबे एकात एक घातले आणि झाकण दाबून बसवलं. उठताना स्टुलाला धरून क्षणभर थांबल्या.

"उद्या काय आणू?"

"पाटवडी," मी म्हणाले.